घरच्या घरी कच्चा व्हीगन आहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं माझं सकाळचं आणि दुपारचं खाणं कच्चं आणि पूर्णपणे वनस्पतिजन्य असतं. रात्री मी शिजवलेलं जेवते. या काळात लोकांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं मुद्दाम लांबवली आहेत, कारण तिथे चूक झाली तर माणूस आजारी पडतो.

कच्चा व्हीगन आहार म्हणजे नेमकं काय?

त्याला दोन अटी आहेत. प्राण्यांपासून मिळणारं काहीही चालत नाही: मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, लोणी, तूप आणि मधही नाही. आणि अन्न साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवायचं नाही. ही मर्यादा प्रत्येक जण थोडी वेगळी सांगतो. बोट बुडवल्यावर ऊब जाणवेल पण हात मागे घ्यावा लागणार नाही, इतपत गरम असं समजा.

व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. कच्च्या खाण्याचा आग्रह त्याहून जुना आहे. झुरिकचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बर्चर-बेनर १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांना किसलेलं सफरचंद, भिजवलेले ओट, लिंबाचा रस आणि सुकामेवा एकत्र करून देत. आजची म्युस्ली त्यातूनच आली. त्यात ते आटवलेलं दूध घालत, म्हणजे ती व्हीगन नव्हती. दुधाऐवजी बदामाचं दूध घातलं की ती आजही पहिल्या दिवशी करून बघण्यासारखी न्याहारी आहे.

सगळंच कच्चं खायला हवं का?

माझं मत स्पष्ट आहे: नाही. दिवसातलं एक जेवण कच्चं केलं तरी फळं, पालेभाज्या आणि बिया पोटात किती तरी जास्त जातात. वर्षानुवर्षं शंभर टक्के कच्चं खाण्याचे तोटे नोंदले गेले आहेत. १९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी पाचशेहून अधिक कच्चा आहार घेणाऱ्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. या आहारावर आल्यापासून पुरुषांचं वजन सरासरी सुमारे १० किलोंनी आणि स्त्रियांचं सुमारे १२ किलोंनी कमी झालं होतं. ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी जवळपास ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. आहारातला कच्च्याचा वाटा जितका मोठा, तितकं हे प्रमाण वाढत होतं. पाळी बिघडली तर शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नाहीये असं समजा, आणि त्याला ‘शुद्धीकरण’ म्हणून सोडून देऊ नका.

शिजवल्याने अन्नातले एन्झाइम मरतात आणि म्हणून ते पचत नाही, हे खरं आहे का?

यातलं पहिलं अर्धं खरं आहे. एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, आणि उष्णतेने अन्नातले बहुतेक एन्झाइम निकामी होतात. पण आपलं पचन त्यांच्यावर चालत नाही. लाळ, जठर, स्वादुपिंड आणि लहान आतडं स्वतःचे पाचक एन्झाइम तयार करतात, आणि भाजीतून आलेले बहुतेक एन्झाइम जठरातल्या आम्लात तसेही मोडतात.

तरीही काही ठिकाणी कच्च्याचा फायदा खरोखर आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं आणि उकळलेल्या पाण्याबरोबर वाहून जातं. लसूण ठेचला की त्यातला एक एन्झाइम कामाला लागतो आणि त्यातून तिखट वासाचं ॲलिसिन तयार होतं. ब्रोकोली चिरली की असंच घडून सल्फोराफेन तयार होतं. दोन्ही ठिकाणी एन्झाइम आपलं काम आपल्या पोटात नाही, चिरण्याच्या पाटावर करतो. म्हणून चिरून, ठेचून दहा मिनिटं थांबायचं आणि मग खायचं.

उलट टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं बीटा-कॅरोटीन शिजवल्यावर शरीराला जास्त सहज मिळतं. गाजर कच्चं खायचं असेल तर बारीक किसा आणि सोबत थोडं तेल, तीळ किंवा ॲव्होकाडो घ्या. ही रंगद्रव्यं स्निग्ध पदार्थाशिवाय फारशी शोषली जात नाहीत.

कोणती साधनं घ्यावी लागतील?

धारदार सुरी, मोठा पाट, किसणी, दोन-तीन रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या, एक स्वच्छ सुती फडकं आणि घरात असेल तो मिक्सर. एवढ्यावर वर्षभर निभतं. बोथट सुरीने पालेभाजी चिरली जात नाही, चेंगरली जाते आणि तासाभरात काळी पडते, म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी सुरीवर घाला. महागडा ब्लेंडर आणि डिहायड्रेटर (कमी तापमानावर अन्न वाळवायचं यंत्र) सहा महिन्यांनीही हवेसे वाटले तर घ्या.

कच्च्या भाज्या खाऊन जबडा दुखतो आणि चवही लागत नाही. काय चुकतंय?

बहुधा चिरणं आणि मीठ. चुलीवर उष्णता जे काम करते, ते इथे सुरी, मीठ, आंबट आणि वेळ यांच्याकडून करून घ्यायचं असतं. हे लक्षात आलं की निम्मा स्वयंपाक जमला.

कोबी घ्या. जाड तुकडे केले तर चावत बसावं लागतं. तोच कोबी केसासारखा बारीक चिरा, अर्धा किलोला एक सपाट चमचा मीठ घाला आणि दोन-तीन मिनिटं हाताने चोळा. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं, पानं मऊ पडतात, त्यांचा आकार निम्मा होतो. दहा मिनिटांनी सुटलेलं पाणी पिळून काढा. आता लिंबू, तेल आणि ठेचलेली मिरी घातली की जे तयार होतं ते कच्च्या कोबीपेक्षा वेगळंच अन्न वाटतं. केलसारखी राठ पानंही अशीच चोळायची. त्यांचे मधले जाड देठ मात्र आधी काढून टाका.

बीट आणि गाजर किसून घ्यावं. काकडीला आणि टोमॅटोला मीठ अगदी वाढताना लावावं, नाही तर ताटात तळं होतं. फ्लॉवरचे तुरे मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन रव्यासारखे करता येतात; त्याचा भाताच्या जागी चांगला उपयोग होतो. झुकिनीच्या सोलाण्याने लांब पट्ट्या काढल्या की शेवयांसारख्या लागतात, पण ड्रेसिंग (सॅलडवर घालायचं तेल आणि आंबटाचं मिश्रण) घालून पाच मिनिटांत खाव्यात.

कांदा उग्र लागत असेल तर पातळ चिरून दहा मिनिटं लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवा. तो गुलाबी होतो आणि त्याचा तिखटपणा उतरतो.

ड्रेसिंगचं प्रमाण काय ठेवावं?

तीन भाग तेल आणि एक भाग आंबट, हे जुनं प्रमाण आहे. मला ते फार तेलकट वाटतं, म्हणून मी दोनास एक घेते. तेलाऐवजी वाटलेले तीळ, भिजवलेले काजू किंवा ॲव्होकाडो वापरलं तर ड्रेसिंग दाट होतं आणि पोटही भरतं. माझं नेहमीचं असं: दोन मोठे चमचे तिळाचं वाटण, एका लिंबाचा रस, लसणाची अर्धी पाकळी, मीठ आणि ढवळत ढवळत घातलेलं तीन-चार चमचे पाणी. सुरुवातीला ते फाटल्यासारखं घट्ट होतं. घाबरू नका, पाणी घालत राहिलं की गुळगुळीत होतं.

फिकं लागलं तर मीठ घालण्याआधी आंबट वाढवून बघा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

सुकामेवा आणि बिया किती वेळ भिजवायच्या?

बदाम ८ ते १२ तास, अक्रोड ४ ते ६, सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया २ ते ४, काजू २ ते ४. काजू रात्रभर ठेवले तर बुळबुळीत होतात. भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि सगळं नीट धुवा. उन्हाळ्यात भांडं फ्रीजमध्येच ठेवा.

भिजवल्याने ‘सगळी विषारी द्रव्यं’ निघून जातात असं ठासून सांगितलं जातं. कडधान्यांत आणि धान्यांत भिजवण्याने आणि विशेषतः मोड आणण्याने फायटेट, म्हणजे खनिजांचं शोषण अडवणारं द्रव्य, कमी होतं, हे खरं. बदामात मात्र तो फरक अगदी किरकोळ असतो. बदाम भिजवायचे ते मऊ व्हावेत, सालं निघावीत आणि वाटण गुळगुळीत व्हावं म्हणून.

जवस अख्खं गिळलं तर जसंच्या तसं बाहेर पडतं. ते दळूनच घ्यावं, आणि लागेल तेवढंच दळावं, कारण दळलेलं जवस लवकर खवट होतं. चिया आपल्या वजनाच्या दहा पट पाणी सहज शोषते. म्हणून ती कोरडी तोंडात टाकून वर पाणी पिऊ नये. ती अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते. एक कप बदामाच्या दुधात तीन मोठे चमचे चिया घालून ढवळा, दहा मिनिटांनी गुठळ्या मोडायला पुन्हा ढवळा, आणि तासाभरात खिरीसारखं दाट पुडिंग तयार.

बदामाचं दूध घरी कसं करायचं?

एक कप भिजवून धुतलेले बदाम आणि तीन ते चार कप थंड पाणी मिक्सरमध्ये मिनिटभर फिरवा. भांड्यावर फडकं पसरून त्यात ओता, कडा गोळा करून पुरचुंडी बांधा आणि हळूहळू पिळा. घाईने पिळलं तर चोथा फडक्यातून निसटतो. चवीला चिमूटभर मीठ आणि हवा तर एक खजूर. फ्रीजमध्ये हे दूध तीन दिवस नीट राहतं. वर पाणी आणि खाली साका असे थर दिसले तर ते खराब झालं असं नाही, बरणी हलवून घ्या. आंबूस वास आला तर मात्र ओतून द्या.

उरलेला चोथा फेकू नका. खजूर आणि किसलेलं खोबरं घालून त्याचे लाडू वळता येतात, किंवा लिंबू, लसूण, मीठ आणि कोथिंबीर घालून काकडीवर लावायला चांगला सारणासारखा लेप होतो.

एक गोष्ट विसरू नका. घरच्या बदामाच्या दुधात कॅल्शियम आणि बी-१२ वरून घातलेलं नसतं, आणि प्रथिनंही थोडीच असतात. बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा फॉर्म्युल्याऐवजी हे कधीही देऊ नये.

मोड कसे आणायचे?

मूग निवडून धुवा आणि भरपूर पाण्यात ८ ते १२ तास भिजत घाला. पाणी काढून बरणीत भरा, तोंडाला जाळीदार कापड बांधा आणि बरणी तिरकी, तोंड खाली करून ठेवा, म्हणजे उरलेलं पाणी निथळतं. दिवसातून दोन-तीनदा ताज्या पाण्याने धुऊन पुन्हा निथळा. २४ ते ४८ तासांत मोड येतात. मसूरही असाच. तळाशी पाणी साचलं की वास येतो, चुकतं ते बहुतेक वेळा इथेच. मोड आल्यावर शेवटचं धुऊन, पूर्ण निथळून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

मोड कच्चे खाणं सुरक्षित आहे का?

पूर्णपणे नाही, आणि हे उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा द्यावं लागतं. ज्या ऊबेत आणि ओलाव्यात मोड येतात, त्याच ऊबेत आणि ओलाव्यात साल्मोनेला आणि ई. कोलाय हे जंतूही वाढतात. ते बहुधा बियांबरोबरच आलेले असतात आणि सालीच्या भेगांत दडतात, त्यामुळे धुऊन जात नाहीत. २०११ साली जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची मोठी साथ आली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. शोध घेत गेल्यावर माग मेथीच्या मोडांपर्यंत पोहोचला.

घरी मोड आणल्याने हा धोका नाहीसा होत नाही, कारण बी तेच असतं. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्क माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांनी कच्चे मोड खाऊच नयेत. बाकीच्यांनी खायचे ठरवले तर मोडासाठीच विकलं जाणारं बियाणं घ्यावं, बरणी उकळत्या पाण्याने धुवावी आणि हात स्वच्छ ठेवावेत. मी स्वतः मोड पूर्ण वाफवून घेते. तेवढा एक पदार्थ ‘कच्चा’ राहिला नाही म्हणून काही बिघडत नाही.

कोणत्या गोष्टी कच्च्या अजिबात खाऊ नयेत?

पहिलं नाव राजम्याचं. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही तीन तासांच्या आत उलट्या आणि जुलाब सुरू करायला पुरतात. भिजवून किंवा मोड आणून ते जात नाही. भिजवलेलं पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळल्यावरच ते निकामी होतं. मंद आचेवर, ८० अंशांच्या आसपास नुसतं गरम केलं तर विषारीपणा उलट वाढू शकतो. राजमा कच्च्या आहारात बसतच नाही. सोयाबीनही कच्चं नको.

कसावात आणि कडू बदामात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. जर्दाळूच्या बियांच्या गराचंही तेच. हिरवे पडलेले किंवा कोंब फुटलेले बटाटे टाळा. चांगला बटाटाही कच्चा असताना त्यातला स्टार्च नीट पचत नाही. अळूची पानं आणि कंद कच्चे खाल्ले तर कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा सुजतो. शिताके मशरूम कच्चं खाल्ल्यावर काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखं पुरळ येतं. रानातून आणलेलं कुठलंही मशरूम कच्चं तोंडात घालू नका.

यात लोक पीठ विसरतात. गव्हाचं साधं पीठ जंतुमुक्त केलेलं नसतं. त्यामुळे ‘न भाजलेली’ बिस्किटं करताना कच्चं पीठ वापरू नका, बदामाचा चोथा किंवा दळलेले ओट घ्या.

पाकिटावर ‘कच्चे’ लिहिलेले काजू खरंच कच्चे असतात का?

क्वचितच. काजूच्या टरफलात कातडी भाजणारं तेल असतं. ते फोडण्याआधी बिया वाफवतात किंवा भाजतात. ओट चपटे करण्याआधी वाफवलेले असतात. मेपल सिरप उकळून आटवतात. सोया सॉसचं सोयाबीन शिजवलेलं असतं. अमेरिकेत विकले जाणारे कॅलिफोर्नियाचे बदाम २००७ पासून नियमानुसार पाश्चराइझ होतात. तुम्ही या सगळ्यावर पाणी सोडायला हवं असं मला वाटत नाही. काजू वापरायचे की नाही याचा निर्णय तुमच्या तत्त्वावर सोपवते, पण पाकिटावरच्या शब्दासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

रोज पालकाची हिरवी स्मूदी पिणं चांगलं का?

रोज पालकाचीच नको. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. चावून खाताना आपण मूठभर खातो; मिक्सरमधून तीन-चार मुठी एका पेल्यात सहज जातात. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी हे विशेष जपावं. पालकातलं कॅल्शियमही ऑक्झलेटमुळे फारसं शोषलं जात नाही. लेट्यूस, केल, कोथिंबीर अशी पानं आलटून पालटून घ्या. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल तर हिरव्या पानांचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण पानांतलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं.

प्रथिनं पुरतात का?

लक्ष दिलं तर पुरतात, फक्त फळं आणि सॅलडवर राहिलं तर नाही. निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलो वजनाला ४८ ग्रॅम. ३० ग्रॅम बदामांतून ६ ग्रॅम आणि तेवढ्याच भोपळ्याच्या बियांतून ८ ते ९ ग्रॅम मिळतात. मोड आलेल्या मुगाच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ३ ग्रॅम असतात, कारण त्यात पाणीच जास्त. रात्री शिजवलेली डाळ किंवा कडधान्य घेतलं की हे गणित सोपं होतं. मी संध्याकाळचं जेवण शिजवलेलं ठेवलं त्याचं हे मोठं कारण.

बी-१२ ची गोळी घ्यावीच लागते का?

हो. यात पळवाट नाही. बी-१२ जिवाणू तयार करतात, आणि वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनाचं नाव खूप घेतलं जातं, पण त्यात मुख्यतः बी-१२ सारखं दिसणारं, शरीराला न वापरता येणारं रूप असतं. न धुतलेल्या भाज्यांवरच्या मातीतून ते मिळेल ही कल्पना तर पोटाला जंतूच देईल.

यकृतात बी-१२ चा साठा असल्याने कमतरता कळायला काही वर्षंही लागू शकतात. म्हणूनच ‘मला तर काहीच होत नाही’ हे दोन वर्षांनी म्हणण्याला अर्थ नसतो. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा, थकवा ही लक्षणं दिसू लागतात तोवर मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते, आणि ती कधी कधी भरून येत नाही. व्हीगन सोसायटीचा सल्ला असा: रोज किमान १० मायक्रोग्रॅमची गोळी, किंवा आठवड्यातून एकदा किमान २००० मायक्रोग्रॅमची, किंवा बी-१२ घातलेल्या पदार्थांतून दिवसभरात मिळून किमान ३ मायक्रोग्रॅम. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या.

बाकी कोणत्या घटकांकडे लक्ष द्यावं?

आयोडीन, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम, झिंक. आयोडीनयुक्त मीठ वापरा. समुद्री शेवाळातलं आयोडीन कधी नगण्य तर कधी धोकादायक इतकं जास्त असतं. तीळ, भोपळ्याच्या बिया आणि हिरव्या पानांतलं लोह लिंबू किंवा ढोबळी मिरचीसारख्या क जीवनसत्त्वाच्या पदार्थाबरोबर चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवा. ओमेगा-३ साठी रोज एक-दोन चमचे दळलेलं जवस, चिया किंवा मूठभर अक्रोड.

पोट फुगतं, गॅस होतात. थांबवावं का?

वेग कमी करा. आतड्यांना वाढलेल्या तंतूंची सवय व्हायला काही आठवडे लागतात. कच्चा कोबी, फ्लॉवर आणि कांदा कमी करून काकडी, लेट्यूस, गाजर, पिकलेली फळं घ्या, पाणी प्या, सावकाश चावा. दुखणं, रक्त किंवा सतत जुलाब असतील तर आहार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

कोबी आंबवायचा कसा?

हा माझा आवडता पदार्थ. एक किलो बारीक चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाच्या २ टक्के. चमच्याने नाही, वजनकाट्यावर मोजा. रस सुटेपर्यंत चोळा, बरणीत दाबून भरा आणि कोबी पूर्णपणे स्वतःच्या रसाखाली बुडेल असं वर वजन ठेवा. १८ ते २२ अंशांत तीन-चार आठवडे लागतात. ऊन हवेत लवकर होतं पण मऊ पडतं. पहिल्या आठवड्यात वायू तयार होतो, म्हणून झाकण रोज जरा सैल करा.

मीठ आणि हवेचा अभाव यामुळे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात आणि त्या आम्लाने बाकीचे जंतू मागे हटतात. वर पांढरी पातळ साय आली तर काढून टाका, ती निरुपद्रवी असते. हिरवी, काळी किंवा गुलाबी केसाळ बुरशी दिसली तर सगळी बरणी टाकायची, वरचा थर काढून खाली चाखायचं नाही.

डिहायड्रेटर नसेल तर काही वाळवता येतं का?

ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर, दार किंचित उघडं ठेवून चालतो, पण थर्मामीटर हवा. एक कप जवस दीड कप पाण्यात अर्धा तास भिजवा, मीठ आणि वाटलेला टोमॅटो घाला, तीन मिलिमीटर जाड पसरा आणि ४५ अंशांवर दहा-बारा तास ठेवा, मध्ये एकदा उलटा. कुरकुरीत क्रॅकर होतात. ४५ अंशांत जंतू मरत नाहीत. अन्न टिकतं ते फक्त पाणी निघून गेल्यामुळे. म्हणून जाड, आतून ओले राहिलेले तुकडे साठवू नका.

गोड काय करता येईल?

डाग पडलेली पिकलेली केळी सोलून, चकत्या करून गोठवा आणि मिक्सरमध्ये फिरवा. आधी भुगा होतो, मग अचानक मऊ आइस्क्रीम. खजूर आणि अक्रोड समप्रमाणात वाटून त्यात कोको घातला की वड्या पडतात. साखरेचं प्रमाण बघितलं तर खजूर काही हलका नाही, एक-दोनच घ्या. आणि दात घासा. सुकी फळं दातांना चिकटून राहतात.

थंडीत कच्चं खाववत नाही, काय करू?

मग शिजवलेलं खा. तरी हवंच असेल तर टोमॅटो, ढोबळी मिरची, लसूण, आलं आणि भिजवलेले काजू वाटून सूप करा आणि भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करा. जेवणाआधी अर्धा तास भाज्या फ्रीजबाहेर काढल्या तरी बराच फरक पडतो.

गरोदरपणात किंवा मुलांसाठी हा आहार चालेल का?

संपूर्ण कच्चा आहार या दोन्ही वेळी मी सुचवणार नाही. मुलाचं पोट लहान असतं आणि कच्च्या भाज्यांनी ते ऊर्जा मिळण्याआधीच भरतं. जेवणासोबत फळं, किसलेलं गाजर, काकडी भरपूर द्या. अख्खा सुकामेवा पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, तो घशात अडकतो.

भाज्या कशा धुवाव्या आणि चिरलेलं किती टिकतं?

वाहत्या पाण्याखाली, हाताने चोळून, साबण न लावता. कलिंगडासारखी सोलून खायची फळंही कापण्याआधी धुवा, नाही तर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. चिरलेली फळं-भाज्या बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नयेत. फ्रीज ५ अंशांखाली असावा. सफरचंद आणि ॲव्होकाडो लिंबाचा रस लावला तर उशिरा काळवंडतात. पानं धुतल्यावर कोरडी करून, सुती कापडात गुंडाळून ठेवा, चार-पाच दिवस ताजी राहतात.

कामावर डबा नेताना सगळं लिबलिबीत होतं. उपाय?

रुंद तोंडाची बरणी घ्या आणि उलट्या क्रमाने भरा. तळाशी ड्रेसिंग, त्यावर पाणी न सोडणाऱ्या कडक भाज्या म्हणजे गाजर, बीट, कोबी. मग वाफवलेले मोड किंवा बिया, आणि अगदी वर कोरडी केलेली पानं. बरणी उभीच न्या, आणि शक्य असेल तर बर्फाच्या पिशवीसोबत. जेवायच्या वेळी ती ताटलीत पालथी केली की पानं खाली जातात आणि ड्रेसिंग सगळ्यावरून ओघळत येतं.